व्यसन : काही नाही

आज सकाळी बाबांच्या दुसऱ्या ऑपरेशनचा फॉर्म भरत होते. नाव, वय, ॲलर्जी, आणि मग तो रकाना. व्यसन. तंबाखू? नाही. दारू? नाही. इतर? बाबा शेजारून खणखणीत आवाजात म्हणाले, "काही नाही. लिही, काही नाही." काउंटरवरची मुलगी कौतुकाने हसली. माझं डोकंच फिरलं.

बाबा दिवसाला सहा कप चहा पितात. सहा हा त्यांनी सांगितलेला आकडा.

दोन वर्षांपूर्वी हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळीही याच रकान्यात मीच 'काही नाही' लिहिलं होतं. आदल्या संध्याकाळी शेवटचा चहा, मग पोट रिकामं, सकाळी ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. आणि संध्याकाळपासून यांचं डोकं ठणकायला लागलं. डोळे उघडवेनात. पाठीत इंजेक्शन देऊन भूल दिली होती, त्याने डोकं दुखू शकतं म्हणून आडवं ठेवलं. पण ते दुखणं आडवं झालं की उतरतं, यांचं उतरेना. दुसऱ्या दिवशी मेंदूचा स्कॅन करायचा का, इथपर्यंत गोष्ट गेली. मी आणि दादा बाहेर बाकावर बसून एकमेकांकडे बघायचं टाळत होतो.

रात्रपाळीच्या सिस्टर आल्या आणि सहज म्हणाल्या, "काका, घरी चहा किती होतो?"

एक कप चहा. तासाभरात बाबा उठून बसले आणि चहा पाणचट होता म्हणून कुरकुरायला लागले.

दोन दिवस! किती जण बघून गेले, पण हे विचारलं कुणी? एकीने. मीही नाही विचारलं, आणि मी तर त्या घरात राहते.

मेंदूत दिवसभर ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, त्याने पेंग येते. चहातलं कॅफिन त्याच्या चिकटायच्या जागा अडवून बसतं. रोजच अडवलं की मेंदू जागा वाढवून ठेवतो. मग एक दिवस चहा चुकतो, सगळ्या जागा एकदम मोकळ्या होतात, डोक्यातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि माणूस कण्हत पडतो. शेवटच्या कपानंतर बारा ते चोवीस तासांत सुरू होतं हे. बाबांचं अगदी घड्याळ लावल्यासारखं झालं होतं. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक विकारांची यादी देणाऱ्या पुस्तकात कॅफिन सुटल्याचा त्रास रीतसर नोंदवलेला आहे.

बरं, 'व्यसन' हा शब्द जड आहे, मान्य. त्याच पुस्तकाने कॅफिनच्या व्यसनाला अजून पक्का विकार म्हटलेलं नाही. आणि निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं म्हणतात (गरोदरपणी २००), त्यात बाबांचे सहा कप बसतात. बसू देत.

पण रात्री झोप येत नाही म्हणून गोळी मागणारी आपलीच माणसं संध्याकाळी सहाला चहा घेतात ना? कॅफिन निम्मं उतरायला सरासरी पाच तास जातात. अकराला तुम्ही अंथरुणात आणि अर्धा कप टक्क जागा! बरं, डोकं दुखलं की जी गोळी घेतो, तशा कित्येक गोळ्यांत पुन्हा कॅफिनच. दारूच्या बाबतीत असं काही असतं तर आपण सगळ्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं.

असो. राग जरा उतरला. (हो, हातात कप आहे. हसू नका.)

दिवस भरायच्या आधी जन्मलेली बाळं मधेच श्वास घ्यायची थांबतात, त्यांना औषध म्हणून कॅफिनच देतात. तिथे मात्र वजन करून डोस ठरतो, तक्त्यावर वेळ लिहिली जाते. तान्ह्या बाळाच्या थेंबांचा हिशेब ठेवता येतो, आणि माझ्या बाहत्तर वर्षांच्या बापाला नुसतं विचारायचंही कुणाला सुचत नाही. त्या सिस्टरांचं नावही मी विचारलं नाही तेव्हा. आज फार आठवल्या.

तर मी 'काही नाही' खोडलं आणि 'इतर'समोर लिहिलं : चहा, रोज सहा कप, बंद केल्यास तीव्र डोकेदुखी. काउंटरवरच्या मुलीला वाटलं मी गंमत करतेय. बाबांनी फॉर्म ओढून घेतला, चष्मा वर करून वाचला, आणि परत माझ्यापुढे सरकवला.

"लिहिलंयसच तर कप लहान असतो हेही लिही."