नरकासुराच्या रात्री स्पीकरपाशी नाचणारी मुलं

दिवाळीच्या आदल्या रात्री गोव्यात नरकासुराचे मोठे पुतळे उभारतात, स्पीकर लावून नाचतात आणि पहाटे ते जाळतात. त्यामुळे दिवाळी जवळ आली की आवाजावरून वाद ठरलेलाच. एकीकडे झोपमोड झालेले शेजारी, दुसरीकडे "वर्षातून एक रात्र तर आहे" म्हणणारी पोरं. दोघांचंही म्हणणं मला कळतं. पण स्पीकरला खेटून पहाटेपर्यंत जी मुलं नाचतात, त्यांच्या कानांबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

कायदाही त्यांचा विचार करत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज किती असावा ते दिलंय: जास्तीत जास्त ७५ डेसिबल, निवासी भागात त्याहून कमी. हद्दीच्या आत, भिंतीसारख्या रचलेल्या स्पीकरांसमोर, वडिलांच्या खांद्यावर बसलेल्या चार वर्षांच्या पोराच्या कानात किती जातंय, ते कुणी मोजायचं?

आतल्या कानात शंखासारखी वळणं घेतलेली एक नळी असते. तिच्यात जन्मतः साधारण १५ हजार केसपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या सूक्ष्म पेशी, असतात आणि त्या आयुष्यभर पुरवायच्या. कोंबडीच्या कानात मेलेल्या केसपेशी परत येतात, माणसाच्या येत नाहीत. मोठ्या आवाजाने आधी जातात त्या ४००० हर्ट्झच्या आसपासचे उंच स्वर टिपणाऱ्या. स, श, च, फ ही व्यंजनं ओळखायला हेच उंच स्वर लागतात. म्हणून बहिरेपण सुरू झालेला माणूस म्हणतो, "आवाज येतो रे, पण काय बोलतोस ते कळत नाही." घरचे मात्र म्हणतात, लक्षच देत नाही!

गोंगाटात कान किती वेळ सुरक्षित राहतात याचा, कामगारांसाठीचा एक हिशोब अनेक देशांत वापरतात. ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. आपली नरकासुराची रात्र किती तासांची असते?

दुसऱ्या दिवशी कानात शीळ वाजते, मग थांबते, आणि आपण विसरतो. २००९ मध्ये कुजावा आणि लिबरमन या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की ऐकण्याची चाचणी पूर्ववत झाली तरी केसपेशी आणि मज्जातंतू यांमधले कितीतरी सांधे कायमचे तुटलेले असतात. माणसात हे किती होतं यावर अजून काम चालू आहे. पण आपल्या मुलांवर तो प्रयोग कशाला?

नरकासुर बंद करा असं मी मुळीच म्हणत नाही. गवत, कागद, रंग घेऊन वाड्यावरची पोरं रात्र रात्र जागून जे उभं करतात, ते मला फार आवडतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली, शिवाय कानात घालायचे बोळे आणि विसाव्यासाठी शांत जागा. आपल्या मंडळांना हे जमणार नाही? स्पीकरसमोर दोरी बांधून थोडं अंतर राखा. फोमचे बोळे फार्मसीत मिळतात, साध्या कापसाने भागत नाही. आणि लहान मुलांना खांद्यावर घेऊन पुढे नेऊ नका, मागे थांबा. नरकासुर तिथूनही दिसतो, तो काही लहान नसतो.

यंदा देणगी मागायला पोरं आली की मी आधी हेच विचारणार आहे. तुम्हीही विचारा.