कुठला उंदीर, अण्णा?

अण्णांनी कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी परस्पर बंद केली. व्हॉट्सॲपवर आलं होतं म्हणे, कसल्याशा काढ्याने उंदरांच्या धमन्यांतलं ब्लॉकेज विरघळलं, ‘प्रयोगात सिद्ध’. लालबागच्या आमच्या खोलीत पहाटे लसणाचा वास सुटला तेव्हा मला पत्ता लागला. स्टेंट बसलेला माणूस हा!

एम.एस्सी.ला असताना सहा महिने मी प्राणीघरात काढलेत. सशांना कोलेस्टेरॉल घातलेलं खाद्य द्यायचं, कानाच्या कडेच्या शिरेतून रक्त घ्यायचं. काही आठवड्यांनी नळीत वर आलेलं सीरम, म्हणजे रक्तातला पातळ भाग, दुधासारखं पांढरं! माझंच काहीतरी चुकलं असं वाटून मी नळी लपवली होती. १९१३ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये आनिच्कोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने हेच केलं आणि सशांच्या धमन्या भरल्या. इतरांनी उंदीर-कुत्र्यांवर करून पाहिलं, काहीच होईना. मग कोलेस्टेरॉलने धमन्या तुंबतात हे त्याचं म्हणणं कित्येक वर्षं बाजूला पडलं. उंदराचं बहुतेक कोलेस्टेरॉल ‘चांगल्या’ एचडीएलमध्येच असतं, त्याच्या धमन्या सहजासहजी तुंबत नाहीत. म्हणून तर १९९२ मध्ये एक जनुक काढून टाकलेला उंदीर तयार करावा लागला. आणि त्यालासुद्धा आपल्यासारखा हार्ट अटॅक क्वचितच येतो.

गंमत पुढे आहे. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडोंनी हजारो बुरशा तपासून १९७३ मध्ये पहिलं स्टॅटिन शोधलं, तर ते उंदरांत चालेचना. औषध तिथेच संपायचं. पण त्यांच्या एका सहकाऱ्याकडे अंडी देणाऱ्या कोंबड्या होत्या. त्यांना दिलं आणि कोलेस्टेरॉल जवळपास निम्म्यावर आलं.

उलटंही होतं. टॉर्सेट्रॅपिब हे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल वाढवणारं औषध; त्याच्या गटातल्या दुसऱ्या एका औषधाने सशांच्या धमन्या सुधारल्या होत्या. टॉर्सेट्रॅपिबची पंधरा हजार माणसांवरची चाचणी मात्र डिसेंबर २००६ मध्ये थांबवावी लागली, कारण औषध घेणारेच जास्त दगावत होते. स्टॅटिनचं तसं नाही. १९९४ च्या चाचणीत ४,४४४ हृदयरुग्ण होते, गोळी घेणाऱ्यांत मृत्यू ३० टक्क्यांनी कमी.

सशांचे हाल नकोत म्हणणाऱ्या मैत्रिणींशी माझं भांडण नाही. ते हाल मी या हातांनी केलेत. माझा राग आहे तो ‘उंदरांवर सिद्ध’ एवढ्या भांडवलावर बाटल्या खपवणाऱ्यांवर. कुठला उंदीर, किती डोस, पुढे माणसांत काय झालं, एक अक्षर नाही.

हे सगळं अण्णांना सांगितलं. माळकरी माणूस, गळ्यातली माळ चाचपत म्हणाले, “म्हणजे कोंबडीच्या उपकारावर जगतोय म्हण.” आणि गोळी घेतली. काढ्याचं पातेलं अजून गॅसवर आहे, आईचा म्हणे त्याने घसा सुटतो.