‘बॉर्डर’नं मारलेली जिवंत माणसं

४ डिसेंबर आला की आमच्या मालवणात नौदल दिनाच्या फोटोंबरोबर एक मजकूरही फिरतो: ‘बॉर्डर’ हा सिनेमा नाहीच, १९७१च्या युद्धातली राजस्थान सीमेवरच्या लोंगेवाला चौकीची लढाई जशी झाली तशीच दाखवलीय, १२० जवानांतले जवळजवळ सगळे धारातीर्थी पडले, विमानं आली तोवर काम आटोपलं होतं. यंदा वाडीतल्या काकांनीही तो पाठवला, वर ‘खरां तां खरां’ लिहून.

चौकी सोडली नाही, हे खरंच. थांबा किंवा पायी माघार घ्या, असं चौकीचे प्रमुख मेजर कुलदीपसिंग चांदपुरींना (सिनेमातला सनी देओल) सांगितलं होतं, ते थांबले. सिनेमातही ते आहे.

पण त्या लढाईत आपले दोन जवान गेले. दोनच. पडद्यावर मोजायला बसलात तर बोटं पुरणार नाहीत. सुनील शेट्टीचा भैरोसिंग मरतो आणि थिएटर रडतं. सीमा सुरक्षा दलाचे खरे भैरोसिंग राठोड २०२२च्या डिसेंबरपर्यंत हयात होते. अक्षय खन्नानं रंगवलेले धरमवीरही प्रत्यक्षात सुखरूप परतले. पाकिस्तानी पायदळ सुरुंगाच्या धास्तीनं तारेच्या कुंपणाशी अडकलं, आपली माणसं टेकाडावरून मारा करत राहिली. एवढ्या रणगाड्यांपुढे रात्र काढून कंपनी जवळपास शाबूत ठेवली, हा खरा पराक्रम. दिग्दर्शक जे. पी. दत्तांना तो पुरला नाही, त्यांना प्रेतं हवी होती.

विमानांचं म्हणाल तर जैसलमेरच्या हंटर विमानांना रात्री लढता येत नव्हतं. ५ तारखेला उजाडताच त्यांनी उघड्या वाळूवरचे रणगाडे टिपले. जॅकी श्रॉफ सिनेमात तेच करतो की! मजकूर लिहिणारा मध्यंतरातच उठला असावा.

सिनेमा टाकाऊ आहे, असं मी म्हणत नाही. अंधारात लांबून रणगाड्यांची घरघर येते आणि कुणी बोलत नाही, ती मिनिटं आजही अंगावर येतात. पत्रांचं गाणं तर नवरा बोटीवर असलेल्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. पण सनी देओल गरजू लागला की शत्रूचे रणगाडे जणू संवाद संपायची वाट बघत उभे राहतात.

आणि त्याच रात्री नौदलाच्या ‘निपात’, ‘निर्घात’, ‘वीर’ या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला चढवला होता. नौदल दिन त्याचाच. काकांना हे सगळं लिहून पाठवलं. उत्तर आलं, ‘त्येच्यार पिक्चर आसा काय?’