सेंट ओलाफ कॉलेज एकट्या बँकरने उभारलं नाही

गेल्या काही आठवड्यांत एकच मजकूर मला तीन वेगवेगळ्या ग्रुपांवर आला. गोष्ट अशी सांगितली आहे: हॅराल्ड थोर्सन नावाचा नॉर्वेचा एक माणूस अमेरिकेत गेला, खेड्यापाड्यांत बँका काढून गडगंज झाला आणि त्या कमाईतून, स्वतःच्या खिशातून, मिनेसोटा राज्यातल्या नॉर्थफील्ड गावात त्याने एकट्याने सेंट ओलाफ कॉलेज उभं केलं. सरकारची दमडी घेतली नाही, कुणापुढे हात पसरला नाही. खाली ठळक अक्षरांत: ‘असा एक दानशूर पुरतो!’

थोर्सन खरे, कॉलेज खरं, त्यांच्या बँकाही खऱ्या. पण या तीन खऱ्या गोष्टी ज्या दोऱ्यात ओवल्या आहेत तो दोरा खोटा आहे. मी चोवीस वर्षं एका पतसंस्थेत काढली. ‘बँकरच्या खिशातून’ हे शब्द वाचल्यावर मला गप्प बसवेना.

आधी तारखा बघू. सेंट ओलाफची रीतसर स्थापना ६ नोव्हेंबर १८७४ची. ८ जानेवारी १८७५ला वर्ग भरले, तेही गावातल्या शाळेच्या जुन्या इमारती विकत घेऊन. त्या वेळी थोर्सन नॉर्थफील्डमधले दुकानदार होते. पश्चिम मिनेसोटात, एल्बो लेकच्या बाजूला, त्यांचा बँकांचा व्याप झाला तो त्यानंतर. म्हणजे बँकांच्या कमाईतून कॉलेज निघालं हा क्रमच उलटा आहे. आणि खरं तर १८७४ साली निघालं ते कॉलेजही नव्हतं. ती हायस्कूलच्या पातळीची शाळा होती. कॉलेजचे वर्ग १८८६ साली सुरू झाले, ‘कॉलेज’ हा शब्द नावात आला १८८९मध्ये. यात थोर्सन यांचा मान कमी होत नाही. उलट दुकानाच्या गल्ल्यातून, अजून न उघडलेल्या शाळेसाठी पैसे काढून देणं आणि ती शाळा आपल्याच गावात यावी म्हणून खटपट करणं, हे मला पुढच्या श्रीमंतीतल्या दानापेक्षा मोठं वाटतं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने त्यांच्या आयुष्यातली हीच खरी धाडसाची गोष्ट पुसून टाकली आहे.

आता ‘एकट्याने’. स्थापनेच्या कागदावर पाच नावं आहेत. पहिलं पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, बर्न्ट यूलियस म्यूस यांचं. ते १८५९ साली नॉर्वेहून मिनेसोटातल्या गुडह्यू काउंटीत (जिल्ह्यात) होल्डन मंडळीचे, म्हणजे तिथल्या चर्चच्या सभासदांचे, पाळक म्हणून आले. १८६९मध्ये त्यांनी स्वतःच्या राहत्या घरात शाळा चालवून पाहिली होती, ती टिकली नाही. तरी त्यांनी नाद सोडला नाही. दुसरं नाव थोर्सन यांचं. उरलेले तिघे, फिनसेथ, हौगेन आणि ऑस्मुंडसन, हे शेतकरी. म्यूस आणि त्यांच्या सोबतच्या पाळकांनी आपापल्या मंडळ्यांमधून सुमारे १०,००० डॉलरच्या वर्गणीची वचनं गोळा केली होती. कागदावर बायकांची नावं नाहीत. पण नॉर्वेजियन मंडळ्यांमध्ये बायकांची मंडळं असत, विणलेले मोजे आणि शिवलेल्या चादरी लिलावात विकून ती पैसा उभा करत, आणि चर्चच्या कामांना तो लागे. शाळेत मुली मात्र पहिल्या वर्षापासून होत्या. १८७५ सालासाठी ही लहान गोष्ट नव्हे.

मला वाटतं फॉरवर्डमध्ये दोन कॉलेजांची सरमिसळ झाली आहे. नॉर्थफील्डमध्येच दुसरं एक कॉलेज आहे, कार्लटन. ते आधी ‘नॉर्थफील्ड कॉलेज’ म्हणून १८६६ साली निघालं. १८७१मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विल्यम कार्लटन यांनी ५०,००० डॉलर दिले आणि कॉलेजला त्यांचं नाव मिळालं. एका दात्याच्या मोठ्या देणगीची गोष्ट सांगायची असेल तर ती तिकडची. तो दाता ना नॉर्वेजियन, ना खेड्यातला बँकर. सेंट ओलाफचं नाव कुठल्याच दात्याचं नाही. १०३० साली स्टिकलस्टाडच्या लढाईत पडलेल्या नॉर्वेच्या राजाचं ते नाव आहे.

आता माझ्या विषयाकडे येतो. ‘बँकरच्या खिशातून.’ पतसंस्थेत नवीन लागलेल्या पोराला आम्ही पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट शिकवतो: ठेव ही संस्थेची मालमत्ता नाही, ते संस्थेचं देणं आहे. ताळेबंदात ती कुठल्या बाजूला लिहितात ते बघ, म्हणजे बँक कळेल. प्रेअरीवरच्या, म्हणजे तिथल्या गवताळ मैदानांवरच्या, लहान गावातली बँक वेगळी नव्हती. मळणी झाली, गहू विकला, की शेतकरी पैसे आणून ठेवी. त्याच पैशातून शेजारच्या शेतकऱ्याला बी-बियाणं, घोडे, यंत्र यांसाठी कर्ज मिळे आणि पुढच्या मळणीला वसुली होई. पीक गेलं तर मुदत वाढवून द्यायची की जमीन घ्यायची, हे बँकर ठरवी. दोन व्याजदरांतला फरक ही बँकेची कमाई. मग त्या कमाईतून कॉलेजला दिलेला डॉलर आला कुठून? ज्या शेतकऱ्याने रविवारी मंडळीत वर्गणी दिली, त्यानेच मळणीनंतर व्याज भरलं. त्याने दोनदा दिलं, आणि फॉरवर्डमध्ये त्याचं नाव एकदाही नाही.

ठेव म्हणजे काय, हे नॉर्थफील्डला तर डोळ्यांसमोर दिसलं. ७ सप्टेंबर १८७६च्या दुपारी कुख्यात दरोडेखोर जेसी जेम्सची टोळी तिथल्या फर्स्ट नॅशनल बँकेत शिरली. प्रभारी कॅशियर जोसेफ ली हेवूड यांना त्यांनी तिजोरी उघडायला सांगितलं. हेवूड यांनी नकार दिला. मारहाण झाली, गळ्याला सुरी लावली, तरी ते बधले नाहीत, आणि निघताना त्यांना गोळी घातली गेली. दरोडेखोरांच्या हाती काउंटरवरचे जेमतेम २६ डॉलर ७० सेंट लागले. बाहेर रस्त्यात गुस्ताव्सन नावाचा एक स्वीडिश स्थलांतरितही गोळी लागून मेला. त्या काळी ठेवींना विमा नव्हता, तो आला १९३३च्या कायद्याने. तिजोरी रिकामी झाली असती तर गावाची शिल्लक गेली असती. आणि हे हेवूड कार्लटन कॉलेजचे खजिनदार होते. गावच्या बँकेचं आणि कॉलेजचं नातं बघायचं असेल तर मी या पगारी कॅशियरकडे बोट दाखवीन.

फॉरवर्डखाली काही जणांनी अगदी उलट लिहिलं आहे: हे सगळे सावकार, शेतकऱ्यांना पिळलं आणि पाप धुवायला कॉलेज काढलं. तेही मला मान्य नाही. व्याजाची तक्रार खरी होती, इतकी खरी की शेजारच्या नॉर्थ डकोटात शेतकऱ्यांनी आपलं सरकार निवडून आणलं आणि १९१९मध्ये राज्याच्या मालकीची बँक काढली. ती आजही चालू आहे. पण लहान गावचा बँकर आपली कातडी वाचवून बसलेला नसे. तेव्हा बँकेच्या शेअरवर सहसा दुहेरी जबाबदारी असे: बँक बुडाली की शेअरची रक्कम तर जायचीच, वर तेवढीच रक्कम भागधारकाकडून वसूल होऊ शकायची. पहिल्या महायुद्धानंतर गव्हाचे भाव कोसळले आणि १९२१ ते १९२९ या काळात अमेरिकेत पाच हजारांहून जास्त बँका बंद पडल्या, त्यात खेड्यांतल्याच जास्त.

‘सरकारची दमडी घेतली नाही’ या वाक्याने मला सर्वांत जास्त त्रास दिला. कॉलेजला सरकारी अनुदान नव्हतं, बरोबर. पण वर्गणी देणाऱ्यांच्या पायाखालची जमीन? १८५१च्या करारांनी दक्षिण मिनेसोटातली जमीन डकोटा या तिथल्या मूळ रहिवासी लोकांकडून सरकारने घेतली. १८६२मध्ये सरकारी जमीन वसाहत करणाऱ्यांना देणारा होमस्टेड कायदा झाला: १६० एकर, नाममात्र फी, पाच वर्षं राहून कसायची. त्याच वर्षी डकोटांनी उठाव केला आणि २६ डिसेंबरला मॅनकाटो इथे ३८ डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी दिलं. पुढच्या वर्षी कायदा करून डकोटांना राज्याबाहेर काढलं. पश्चिमेकडे रेल्वे गेली तीही सरकारने दिलेल्या जमिनींच्या जोरावर, आणि रेल्वेमागोमाग गावं आणि बँका. राष्ट्रीय, म्हणजे केंद्र सरकारच्या परवान्यावर चालणाऱ्या, बँकेसाठी लागणारं किमान भांडवल १९००च्या कायद्याने तीन हजारांखालच्या वस्तीसाठी ५०,०००वरून २५,००० डॉलरवर आणलं, म्हणून अगदी लहान गावांतही बँका निघाल्या. सरकार या गोष्टीत पहिल्यापासून आहे, आणि ज्यांची जमीन गेली ते लोकही.

राहिलं ‘कुणापुढे हात पसरला नाही’. इथे मात्र नेमकं उलट घडलं. १८९०मध्ये नॉर्वेजियन ल्यूथरन लोकांच्या नव्या संयुक्त चर्चने सेंट ओलाफला आपलं कॉलेज मानलं, पण १८९३ला आधार काढून घेतला. तेच वर्ष अमेरिकेतल्या मोठ्या मंदीचं. कॉलेज बंद पडायच्या बेताला आलं. तेव्हा हाल्वोर यिटरबो हे तिथले प्राध्यापक पैसे मागायला बाहेर पडले. सहा वर्षं ते नॉर्वेजियन लोकांच्या वसाहतीवसाहतीतून फिरले, मिळेल ती रक्कम घेतली. १८९९ला चर्चने कॉलेज पुन्हा स्वीकारलं, तोवर कॉलेज जगलं ते या मागण्यामुळे. त्यानंतर १९०२मध्ये ग्रंथालयाची इमारत झाली, तीही एका नॉर्वेजियन बँकरच्या देणगीतून. पण ते थोर्सन नव्हेत. ते विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनचे हाले स्टीन्सलँड, १८५४ साली अमेरिकेत आलेले. म्हणजे बँकरसुद्धा एक नव्हता.

यिटरबो १९०४मध्ये गेले. साथीनंतर वसतिगृहाच्या खोल्या निर्जंतुक करताना वापरलेल्या फॉर्मॅल्डिहाइडने त्यांच्या अंगात विष भिनलं होतं. आज कॅम्पसवर त्यांच्या नावाचं वसतिगृह आहे.

हा मजकूर कुणाला पुढे पाठवायचाच असेल तर माझी एवढीच विनंती: थोर्सन यांचं नाव राहू द्या, पण शेजारी म्यूस, फिनसेथ, हौगेन, ऑस्मुंडसन, यिटरबो आणि स्टीन्सलँड यांचीही घाला, आणि ‘एकट्याने’ हा शब्द काढा.