दुकानदार मोकळा कसा?

ई-कचऱ्याचा विषय निघाला की पुण्याच्या नातेवाइकांचं वाक्य ठरलेलं: "तुमच्या जर्मनीत लोकांना शिस्त आहे हो!" कसली शिस्त? दूध आणायला जाताना मी बंद पडलेला ट्रिमर पिशवीत टाकते, कारण तो घेणं सुपरमार्केटला भाग आहे. विजेच्या वस्तू अधूनमधून विकणाऱ्या, ८०० चौरस मीटरच्या वरच्या किराणा दुकानांनाही जुलै २०२२ पासून हा नियम आहे. वस्तू २५ सेंटिमीटरपर्यंतची असली की झालं, नवीन काही घ्यावं लागत नाही.

आपल्याकडे २०१६च्या नियमांत विक्रेत्यालाही काम होतं: कंपनीने संकलन त्याच्यावर सोपवलं की दुकानात ई-कचऱ्याची पेटी ठेवायची. एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या नव्या नियमांनी त्याला मोकळं केलं. आता वस्तू बनवणाऱ्या कंपनीने नोंदणीकृत रिसायकलरकडून रिसायकलिंग केल्याची प्रमाणपत्रं विकत घ्यायची आणि सरकारी पोर्टलवर हिशेब दाखवायचा. त्या प्रमाणपत्रांना सरकारने किलोमागे किमान २२ रुपयांच्या आसपास भाव बांधून दिला, तर सॅमसंग, एलजी, डायकिन दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. भाव बाजारावर सोडा म्हणे. बाजारावर सोडलं की प्रमाणपत्र स्वस्त होतं आणि रिसायकलिंग कागदावर उरतं, म्हणून मी इथे सरकारच्या बाजूने आहे.

पण हे २२ रुपये मिळणार रिसायकलरला. सदाशिव पेठेतला जळका मिक्सर त्याच्यापर्यंत पोचवणार कोण? भंगारवाला दारात येऊन रोख पैसे देतो, मग तो मिक्सर त्यालाच जाणार. पुढे तांब्यासाठी वायर जाळली जाते, ते कुणाच्याच हिशेबात नसतं.

जर्मनीची नक्कल करा असंही नाही. युरोपीय संघाचं उद्दिष्ट ६५ टक्के संकलनाचं, आणि २०२१मध्ये जर्मनी चाळिशीसुद्धा गाठू शकला नाही. जर्मनीत दारात येऊन जुन्या वस्तूचे कुणी पैसे देत नाही, त्यामुळे फोन खणात पडून राहतात. पुण्यात निदान 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या कचरावेचक दारोदार जातात, ई-कचराही गोळा करतात. कंपन्यांचा पैसा त्यांच्या हातापर्यंत यायला हवा.

आणि जुन्या वस्तू परत घेणं दुकानांना परवडणार नाही, हे तर सांगूच नका. दिवाळीच्या एक्सचेंज ऑफरमध्ये हेच दुकानदार जुना फ्रिज टेम्पोत घालून आनंदाने नेतात. तो पुढे कुठे जातो, एवढी नोंद तरी त्यांना सक्तीची करा.