ग्राहकाला न भेटता मार्केट रिसर्च कसा करावा

ब्लॅक बुक, म्हणजे कॉलेजच्या प्रोजेक्टचा बांधीव अहवाल, जमा करायला अकरा दिवस उरले असतील, तर त्यातले आठ निवांत काढा. सोनेरी अक्षरांच्या काळ्या पुठ्ठ्यात बांधायचं संशोधन शेवटच्या तीन रात्रींत होतं, हे मुंबईतल्या कुठल्याही मॅनेजमेंट कॉलेजासमोरचा झेरॉक्सवाला सांगेल. त्याने तुमच्या गाइडपेक्षा जास्त प्रोजेक्ट पाहिलेत. काही तर वाचलेतही.

सुरुवात शीर्षकापासून करा. 'अ स्टडी ऑन कन्झ्युमर बाइंग बिहेविअर टुवर्ड्स अमुक विथ स्पेशल रेफरन्स टू ठाणे सिटी' हा साचा पिढ्यान् पिढ्या टिकलाय. अमुकच्या जागी शाम्पू, विमा, काहीही बसतं. आपण पाकीटबंद थालीपीठ भाजणी घेऊ. भाजणी बनवणाऱ्याला नेमकं काय ठरवायचंय, हे मात्र चुकूनही विचारू नका. समजा तो म्हणाला, 'अर्धा किलोचं पाकीट चालू ठेवू की पाव किलोचं काढू?', तर पंचाईत झाली. अशा प्रश्नाला उत्तर असतं, ते चुकू शकतं, आणि ते मिळवण्यासाठी माहितीही तेवढीच नेमकी लागते. 'अभ्यास' या शब्दाला असला धोका नाही.

मग प्रश्नावली. गूगल फॉर्मवर चोवीस प्रश्न टाका. उत्पन्नाचा प्रश्न सर्वांत वर ठेवा, म्हणजे समोरच्या काकांना फॉर्म तिथेच बंद करून चहा प्यायला मोकळं होता येईल. जाणकार हा प्रश्न शेवटी ठेवतात, पण त्यांना माणसांचा वेळ घालवायची हौस असते. वयाचे पर्याय 18 ते 25, 25 ते 35, 35 ते 45 असे द्या. बरोबर 25 वर्षांच्या माणसाने कुठे खूण करायची, हा त्याचा प्रश्न. उत्पन्न स्वतःचं की घरचं, तेही सांगू नका. मग वर्गातले निम्मे जण शून्य लिहितील, उरलेले बाबांचा पगार लिहितील, आणि दोन्हींची सरासरी काढून तुम्ही ठाण्याची क्रयशक्ती मांडाल. आपल्याकडच्या संशोधन संस्थांनी उत्पन्न विचारण्याचा नाद कधीच कमी केला. 2011 मध्ये आलेल्या वर्गीकरणात घरातल्या मुख्य कमावत्याचं शिक्षण आणि ठरलेल्या 11 वस्तूंपैकी घरात किती आहेत, एवढंच विचारायचं आणि त्यावरून ए-1 ते ई-3 अशा 12 पायऱ्यांत कुटुंब बसवायचं, असं ठरलं. फ्रीज आहे का, हे सांगताना कोणी लाजत नाही. पण एवढी सोपी गोष्ट करून संशोधनाचा दबदबा कसा राहणार?

पुढचा प्रश्न असा घाला: 'ही भाजणी चविष्ट आणि पौष्टिक आहे, याच्याशी आपण कितपत सहमत आहात?' ज्याला ती चविष्ट लागते पण पौष्टिक वाटत नाही, तो मधल्या 'तटस्थ'वर खूण करील. तटस्थ म्हणजे मत नाही, की मत आहे पण सांगायचं नाही, की प्रश्नच कळला नाही, हे कोणालाच कळणार नाही, त्यामुळे तुम्हाला हवं ते लिहिता येईल. रेन्सिस लिकर्टने 1932 मध्ये ही पाच पायऱ्यांची मोजपट्टी मांडली, तेव्हा एकाच गोष्टीबद्दलची अनेक विधानं मिळून माणसाचा कल मोजायचा, असा बेत होता. तुम्ही एकाच विधानावर कल मोजताय, तेव्हा तुमची पद्धत वेगवान आहे. आणि घरी आलेल्या मुलीसमोर 'पूर्णतः असहमत' म्हणणारी आजी ठाण्यात अजून जन्मायची आहे. ती म्हणते, 'छान आहे हो, पाणी घेतेस का?' याची नोंद 'पूर्णतः सहमत' अशी करा.

'आपण भाजणी किती वेळा वापरता?' याला 'नेहमी, बऱ्याचदा, कधी कधी, क्वचित' एवढेच पर्याय द्या. 'गेल्या 30 दिवसांत किती पाकिटं आणली?' असं विचारलंत तर आकडा येईल, आणि त्यावरून कोणी अर्ध्या किलोचा आणि पाव किलोचा हिशेब मांडायला बसेल.

आता सॅम्पल, म्हणजे किती आणि कोणत्या माणसांना विचारायचं. प्रोजेक्टमध्ये आकडा 100 असतो, कारण टक्केवारी काढायला कॅल्क्युलेटर लागत नाही. पुस्तकातलं सूत्र वेगळं सांगतं: 95 टक्के खात्री आणि 5 टक्क्यांची चूक चालवून घ्यायची, तर 1.96 चा वर्ग गुणिले 0.25 भागिले 0.0025, म्हणजे 384.16, म्हणजेच 385 माणसं. शंभरात ही चूक जवळपास 10 टक्क्यांवर जाते. तुमचे 54 टक्के खरे 44 असतील किंवा 64 असतील. ते काही नाही, तुम्ही '54 टक्के, म्हणजे बहुसंख्य' लिहा. सूत्रही अहवालात छापा, शोभा येते. फक्त हे सूत्र लागू व्हायला प्रत्येकाची निवड होण्याची शक्यता माहीत असावी लागते, ही ओळ गाळा.

कारण तुमचे शंभर जण कुठून आले, ते आपल्या दोघांतच राहू दे. वर्गाचा व्हॉट्सॅप ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, नाशिकची मावशी, दुबईचा चुलतभाऊ. अहवालात मात्र 'रँडम सॅम्पलिंग' लिहा. कॉलेजात रँडम म्हणजे दिसेल त्याला धरणं. पद्धतीत त्याचा अर्थ नेमका उलटा आहे: आधी यादी हवी, त्यातून नंबर काढायचा, आणि ज्याचा नंबर आला त्याच्याच दारात जायचं. तो घरी नसेल तर पुन्हा जायचं, तरी नसेल तर तिसऱ्यांदा. शेजारचा घरी होता म्हणून शेजारचा चालत नाही, कारण दुपारी घरी असणारी माणसं भाजणी वेगळ्या तऱ्हेने विकत घेतात. यादी नसेल तर एका ठरलेल्या ठिकाणाहून उजव्या हाताने निघून मधली ठरावीक घरं सोडत चालायचं. तीन जिने चढून गेल्यावर तिथल्या कुत्र्याला तुमच्या पद्धतीबद्दल काय वाटतं, तेही कळतं.

आकडा मोठा असला की सगळं झाकलं जातं, असं सिनियर सांगतील. ऐका त्यांचं. अमेरिकेच्या 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकानेही 1936 मध्ये तेच केलं. सुमारे 1 कोटी मतपत्रिका टपालाने धाडल्या, 23 लाखांच्या आसपास परत आल्या, आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत आल्फ लँडन हे रूझवेल्टना हरवणार असं छापून टाकलं. निकालात रूझवेल्टनी 48 पैकी 46 राज्यं जिंकली. पत्ते टेलिफोन आणि मोटारवाल्यांच्या याद्यांतून घेतले होते आणि मंदीच्या त्या दिवसांत या दोन्ही गोष्टी कोणाकडे असत, ते सांगायला नको. शिवाय मतपत्रिका परत पाठवण्याची तसदी कोणी घेतली, हा घोळ होताच. जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलपने त्याच्या कितीतरी पट लहान नमुन्यावर खरा विजेता सांगितला. साप्ताहिक 1938 मध्ये बंद पडलं. तुमच्या व्हॉट्सॅप ग्रुपला असला धोका नाही, तो अजून वीस वर्षं चालेल.

शंभर भरले नाहीत, साठावर गाडं अडलं, तर उरलेले चाळीस एक्सेल देईल. 1 ते 5 मधला कुठलाही आकडा टाकणारं रँडबिटवीन हे फंक्शन त्यासाठीच आहे, अशी विद्यार्थ्यांची समजूत असते. दोन गोष्टी मात्र सांभाळा. शीटमध्ये काहीही बदललं की हे आकडे पुन्हा नव्याने पडतात. चौथ्या प्रकरणातला तक्ता सोमवारचा आणि परिशिष्ट बुधवारचं, दोन्ही खरे, दोन्ही वेगळे. तेव्हा आधी 'पेस्ट व्हॅल्यूज' करून ठेवा. दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. खरी माणसं आपल्याच मताशी थोडीफार सुसंगत असतात: जिला चव आवडली, तिला वासही बहुधा आवडतो. यंत्राने टाकलेल्या आकड्यांना असं नातं नसतं, म्हणून सगळाच डेटा त्यांचा असेल तर क्रॉनबाख अल्फा, म्हणजे उत्तरं एकमेकांशी किती जुळतात याचं माप, शून्याच्या आसपास, कधी उणेसुद्धा येतो. 0.7 च्या वर हवा असतो. यावर उपाय म्हणून एकच रकाना दहादा चिकटवलात, तर अल्फा सरळ 1 येईल. थोडक्यात, पटेल असा खोटा डेटा तयार करायला संख्याशास्त्र इतकं पक्कं लागतं, की तेवढ्या वेळात चाळीस माणसं भेटून होतात. आणि फॉर्ममधला वेळेचा रकाना उडवा, रात्री 1:12 ते 1:31 या वेळात एकोणीस गृहिणी भाजणीबद्दल बोलायला जाग्या होत्या असं दिसतं.

विश्लेषणाला काय-स्क्वेअर, म्हणजे दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का हे तपासणारी चाचणी, हवीच. पाच वयोगट, पाच पायऱ्या, म्हणजे 25 खाने. शंभर माणसं त्यांत वाटली की सरासरी खान्यात चार येतात. नियम असा, की निदान 80 टक्के खान्यांत अपेक्षित संख्या 5 तरी असावी. त्यातून तुमचे बहात्तर जण 18 ते 25 मधले आणि पंचावन्नच्या पुढचे दोनच, त्यातली एक मावशी. एसपीएसएस हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर ही अडचण तक्त्याखाली तळटीप देऊन प्रामाणिकपणे सांगतं, म्हणून चित्र कापताना तळटीप तेवढी कापायची. शेजारचे वयोगट एकत्र करून खाने कमी करता येतात, पण मग पाचाऐवजी दोनच पाय-चार्ट होतील आणि पानं कमी पडतील. पी-व्हॅल्यू म्हणजे संबंध नसतानाही निव्वळ योगायोगाने असा निकाल दिसण्याची शक्यता. तिथे '.000' दिसलं तर 'पी-व्हॅल्यू शून्य आली' असं बेधडक लिहा. ती शून्य नसते, 0.0005 पेक्षा कमी असते, पण शून्य कसं ठाम दिसतं. काहीच सिद्ध होत नसेल तर चाचण्या वाढवा: लिंग आणि चव, शिक्षण आणि रंग, रास आणि पाकीट. एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या, तर निव्वळ योगायोगाने एखादी तरी 'सिग्निफिकंट' येण्याची शक्यता 64 टक्के असते. जी येईल तिलाच गृहीतक म्हणायचं आणि ते पहिल्या प्रकरणात नेऊन ठेवायचं.

फोकस ग्रुपही केला असं लिहायचं असेल, तर कँटीनमधले चार मित्र पुरेत. एकमेकांना न ओळखणारे सहा ते दहा ग्राहक आणि दीड तास हे पुस्तकी झालं.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो: संध्याकाळी सहा ते आठ किराणा दुकानात जाऊन उभे राहू नका. तिथे दिसतं, की बाई पाकीट उचलते, उलटं करून तारीख बघते, परत ठेवते. 'एवढी संपायच्या आत पोरकिडे होतील' असं स्वतःशीच म्हणते. दुसरी नावच घेत नाही, नुसती 'भाजणी द्या' म्हणते, आणि दुकानदार हाताला येईल ते पाकीट काढून देतो. हाताला कोणतं येतं, ते मार्जिनवर आणि न खपलेला माल कोण परत नेतो यावर ठरतं. म्हणजे तुमच्या चोवीस प्रश्नांची निम्मी उत्तरं गल्ल्यावर बसलीत, आणि त्या माणसाला तुम्ही एकही प्रश्न विचारलेला नाही. त्याच्या फळीवर सोमवारी 12 पाकिटं होती, मधे 24 आली, पुढच्या सोमवारी 9 उरली, 3 कंपनीने परत नेली: खप 24. अर्ध्या किलोची एक ओळ, पाव किलोची दुसरी. महिनाभर दहा दुकानांत एवढं मोजलं, तर भाजणीवाल्याला उत्तराच्या बरंच जवळ नेता येईल. पण त्यात पाय-चार्ट नाही, आणि दहाव्या दुकानापर्यंत पायात गोळे येतात.

शिफारशी तयारच असतात: जाहिरात वाढवावी, दर्जा राखावा, किंमत कमी करावी, सोशल मीडियाचा वापर करावा. अर्ध्या किलोचं काय, हे कोणी विचारणार नाही, कारण विचारणारा भाजणीवाला कुठे भेटलाय? मर्यादांच्या प्रकरणात 'वेळ व पैशाअभावी' लिहा, इथे तरी खरं बोलायला हरकत नाही.

उरलं पूर्वपीठिकेचं, म्हणजे आधीच्या संशोधनाच्या आढाव्याचं प्रकरण. युजीसीच्या 2018 च्या नियमांनुसार दुसऱ्याच्या मजकुराशी 10 टक्क्यांपर्यंत साम्याला दंड नाही. त्यापुढचं शब्द बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढतात, आणि मग 'बिग डेटा'चा 'कोलोसल इन्फर्मेशन' होतो. ते वाचणारं कोणी नसतं, म्हणून बिघडत नाही.

बाकी मजकूर सिनियरच्या प्रोजेक्टवरून घेतला असेल तर बाइंडिंगला देण्याआधी कंट्रोल-एफ दाबा. त्याचा विषय टूथपेस्ट होता. एका फटक्यात सगळीकडे 'भाजणी' केलंत, तर पान 41 वर 'दंतवैद्याच्या सल्ल्याने भाजणी निवडणारे' असा तक्ता तसाच राहतो, आणि बाहेरून आलेले परीक्षक, म्हणजे एक्सटर्नल, नेमके तेच पान उघडतात. थालीपीठ कडक होतं सर, एवढंच सांगा.