डब केलेलं बघणाऱ्यांना नाकं मुरडू नका

आज दुपारी पंचवटीत एका साखरपुड्याला पंगतीत बसलो होतो. नात्यातल्याच एका मुलाने माझ्या वडिलांना, अण्णांना सगळ्यांदेखत ऐकवलं, "काका, हिंदीत डब केलेलं बघता? मग ते बघितलंच नाही म्हणा!" अण्णा गप्प जेवत राहिले. माझं डोकं अजून शांत नाही.

अण्णांची अख्खी नोकरी नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये गेली. छपाईतली केसाएवढी रेघ हलली तरी त्यांना दिसायची. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर फोर के टीव्ही घेतला आणि 'द रिंग्ज ऑफ पॉवर' ही काल्पनिक जगातली इंग्रजी मालिका हिंदीत लावून दिली. ३८४० बाय २१६०, म्हणजे एका चित्रात जवळपास ८३ लाख ठिपके! खझाद-दूम या डोंगराखालच्या नगरातलं बुटक्यांच्या जमातीचं दगडी कोरीवकाम ते थांबवून थांबवून बघतात. खालच्या इंग्रजी ओळी वाचत बसले असते तर ही नक्षी दिसली असती का?

मालिकेत एल्फ जमातीतला एलरॉन्ड २० वर्षांनी भेटायला येतो आणि त्याचा मित्र, बुटक्यांचा राजपुत्र ड्युरिन, रुसलेला असतो. लग्नाला आला नाहीस, पोरं झाली तेव्हा आला नाहीस! अण्णा ताडकन म्हणाले, "बरोबर आहे त्याचं." आमच्या भावकीत याच कारणावरून अबोले झालेत, त्यांना वेगळं काय समजवायचं?

मूळ आवाजांची सर डबला नाही, ओठ जुळत नाहीत. मान्य. पण म्हणून पंगतीत म्हाताऱ्या माणसाचा पाणउतारा करायचा?

आणि एवढंच भाषेचं प्रेम असेल तर खरा राग कशाचा यायला हवा ते सांगतो. २०२२ साली ही मालिका आली ती हिंदी, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळममध्ये. मराठी नाही. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असलेले ८ कोटींहून जास्त, कन्नड आणि मल्याळम मिळूनही तेवढे नाहीत. त्यांना मिळालं याचा आनंदच आहे, आपल्यालाच का नाही? "तुम्हाला हिंदी कळतं ना," हे उत्तर ऐकून कान किटले. आमच्या आईला नाही कळत! माहेर निफाडचं, तिची हिंदी बाजारापुरती. अण्णा बघत असतात आणि ती थोड्या वेळाने उठून आत जाते. ते मला बघवत नाही. ड्युरिनची बायको डिसा दगडासाठी गाते, ते गाणं आईने प्रसंग समजून ऐकायला हवं होतं.

तुम्ही ज्या ॲपवर बघता तिथे अभिप्राय पाठवायची सोय असते. 'मराठी ऑडिओ हवा' एवढं लिहा. मी आत्ताच लिहिलंय, आता आईच्या फोनवरूनही पाठवतोय.